झाराची पदवी आणि पहिला मासा

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि माझा सगळ्यात आवडता धडा होता रशियाच्या झारांचा. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटायचं, बाईंना बर्फाचं, राजवाड्यांचं, हिऱ्यामोत्यांचं वेड आहे. तसलं काही नव्हतं. मला त्या धड्याचा शेवट आवडायचा. एवढी शतकं गाजवलेलं सिंहासन, आणि शेवटच्या झारानं ते सोडल्याची सही केली कुठे, तर रेल्वेच्या डब्यात बसून! हे सांगताना माझा आवाज चढायचा आणि मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. बाईंचं आणि त्या रशियातल्या माणसाचं काय वाकडं होतं, हे त्यांना कळायचं नाही.

माझं त्याच्याशी काहीच वाकडं नव्हतं. माझा झार नागभीडच्या बाजूला, आमच्या गावात राहत होता.

आमच्या गावाला मोठा तलाव आहे. इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करून भरणारा मालगुजार त्या तलावाचा मालक होता. मालगुजारी माझ्या जन्माआधीच कायद्यानं गेली, तलाव सरकारजमा झाला, मासेमारी आमच्या ढिवरांच्या संस्थेकडे आली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला गाव 'राजे' म्हणत राहिलं. तो कुठला राजा? चंद्रपूरचे गोंड राजे खरे राजे होते, त्यांनी किल्ले बांधले. हा सारा गोळा करणाऱ्याचा मुलगा. पण आमच्याच तोंडून 'राजे' निघायचं, आणि तो ते ऐकून पान चघळत मान हलवायचा.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळे ढिवर मिळून मोठं जाळं ओढत. पहिला मोठा मासा मानाचा. पळसाची पानं घातलेल्या टोपलीत तो ठेवायचा, जाळ्याच्या म्होरक्यानं ती टोपली डोक्यावर घ्यायची आणि अनवाणी त्या घरी जायचं. घरधन्यानं मासा काढून घ्यायचा आणि त्याच टोपलीत आपल्या हातानं तांदूळ टाकायचे. मूठभर टाकले तरी चालतील, पण टाकायचे. तांदूळ म्हणजे मान घेतला, तुम्ही आमचे, आम्ही तुमचे. टोपली रिकामी आली, तर त्या घरानं मान खाली ठेवला असं धरायचं, आणि एकदा खाली ठेवलेला मान पुन्हा उचलता येत नाही. असं झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. पण आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे पाठ होतं.

माझे वडील म्होरके होते. ते मला नागभीडच्या शाळेत पाठवत होते आणि ते राजांना खुपत होतं. ढिवराच्या पोरीनं मासे विकावेत, भूगोल कशाला शिकावा? त्या वर्षी मी हट्टानं वडिलांच्या मागे गेले. राजे ओसरीवर जेवत होते. वडील टोपली घेऊन अंगणात उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं, जमीन तापली होती, आणि वडील कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकत होते. राजांनी सावकाश जेवण केलं. आदल्या दिवशीचा मासा होता पानात. मग हात न धुताच उठले, मानाचा मासा आत पाठवला, टोपलीत मूठभर तांदूळ टाकले आणि त्यावर आपल्या पानातले उष्टे काटे झटकले. "तुया मास्तरणीले दे," म्हणाले, माझ्याकडे बघून.

वडील "होय जी" म्हणाले.

घरी आईनं काटे वेचून काढले, तांदूळ धुतले, पुन्हा धुतले आणि शिजवले, कारण तांदूळ टाकून द्यायचे नसतात. आम्ही ते खाल्ले. मीही खाल्ले, भूक होती. त्या भाताची चव काही वेगळी नव्हती, याचाच मला आजवर जास्त राग आहे.

तर हे माझं शिक्षण. बाकीचं पुस्तकांतून झालं. पुढे मी पदव्यांचा इतिहास वाचायला लागले तेव्हा मला गंमत कळली. 'झार' हा शब्द मुळात एका माणसाचं नाव. सीझर. रोमचा सेनापती, स्वतः कधी राजा म्हणवून घेऊ न शकलेला आणि आपल्याच लोकांच्या सुऱ्यांनी मेलेला. त्याचं नाव त्याच्या मागून येणाऱ्यांनी लावलं, लावता लावता त्याची पदवी झाली, आणि स्लाव लोकांच्या तोंडात ती झिजून झार झाली. त्याच लोकांत राजासाठी दुसरा शब्द आहे 'क्राल', तोही म्हणे पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांच्या एका बड्या राजाच्या नावावरून आला. म्हणजे माणूस मेला, हाडं मातीला मिळाली, आणि नाव दुसऱ्याच कोणाच्या डोक्यावर मुकुट होऊन बसलं.

पण मला झोंबली ती पुढची गोष्ट. रशियातले लोक आधी आपल्या राजाला झार म्हणतच नव्हते. आपला तो 'क्न्याझ', म्हणजे सरदार-राजा. झार दोनच. एक कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आणि दुसरा तो तातार खान, ज्याच्यापुढे जाऊन त्यांचे राजे खंडणी ठेवत. ज्याच्यासमोर वाकायचं, त्याला झार म्हणायचं. खंडणी बंद झाली आणि मग मॉस्कोच्या राजानं ती पदवी आपल्या डोक्यावर घेतली. सोबत आणखी एक शब्द जोडला, त्याचा अर्थ 'स्वतःच्या हातानं राज्य धरणारा'. आज त्याचा अर्थ आपण हुकूमशहा असा लावतो. सुरुवातीला त्यातली मुख्य गोष्ट एवढीच होती की मी आता कोणाच्या दारात टोपली घेऊन जात नाही. टोपली हा शब्द माझा, पण अर्थ तोच.

आणि तरी शेजारच्या पोलंडनं किती काळ त्याला झार म्हणायला नकार दिला! तो रागवायचा, वकील पाठवायचा, पत्रांवर पदवी लिहिली नाही म्हणून भांडायचा. ते म्हणायचेच नाहीत. काय करील बिचारा? मुकुट स्वतःच्या हातानं घालता येतो, पण हाक दुसऱ्यानंच मारावी लागते. हे मी दर वर्षी वर्गात सांगितलं आणि दर वर्षी माझ्या डोळ्यांपुढे ओसरीवरचं ते पान आलं.

मी निवृत्त झाले. वडील गेले, आई गेली. म्होरकेपण माझ्या धाकट्या भावाकडे आलं. ते जुने राजेही गेले. त्यांचा मुलगा साधा होता, तब्येतीनं खचलेला. मासा घरात घ्यायचा, तांदूळ टाकायचा, दोन शब्द बोलायचा. त्याच्यावर माझा राग नव्हता. तोही गेला आणि नागपुरात वाढलेला नातू गावात आला.

नातवानं तलावाच्या काठाला रिसॉर्ट बांधलं. ताडोबाला वाघ बघायला येणारे पाहुणे तिथे उतरू लागले. फाटकावर त्यानं आपल्या नावाआधी 'राजे' लिहून घेतलं. आजोबाला गाव राजे म्हणायचं. यानं स्वतःच लिहिलं. मग एका सकाळी त्याची गाडी चंद्रपूरला माझ्या दाराशी उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही आमच्याच गावच्या," तो सोफ्यावर बसत म्हणाला. गोरा, हसरा, वागायला गोड मुलगा. "यंदा मानाचा मासा मी पहिल्यांदाच घेणार, म्हणून कार्यक्रम मोठा करतोय. स्टेज, फेटे, सगळं. तुमचा भाऊ मासा घेऊन येईल, पाहुणे बघतील. तुम्ही आमच्या घराण्यावर बोला. राजे ही पदवी, जगातल्या अशा पदव्या. पाहुणे शिकलेले असतात, त्यांना असं आवडतं."

"झारांवर बोलू?" मी विचारलं.

"एकदम बेस्ट!"

तो परंपरा जिवंत ठेवायची म्हणून कळवळून बोलत होता. दर वर्षी हे व्हायला हवं, पुढच्या पिढ्यांना कळायला हवं. मी ऐकत होते आणि मनात हिशेब जुळत होता. हे एकदा जमलं तर माझ्या भावाचा मुलगा, त्याचा मुलगा, सगळे अनवाणी फेटे बांधून याच्या लॉनवर उभे राहतील आणि लोक फोटो काढतील. आतापर्यंत निदान ते गावातल्या गावात होत होतं.

निघताना त्यानं विचारलं, "मॅडम, रीतीत काही राहून जायला नको. मासा घ्यायचा, म्होरक्याचा सत्कार करायचा. अजून काही असतं का?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही. एवढंच."

खोटं बोलले. ठरवून बोलले. सांगायचंच तर त्या रात्री मला झोप चांगली लागली.

भाऊ मात्र फोनवर चिडला. "बाई, तू त्यायच्या स्टेजवर बसशीन? बाबाले काय वाटन?"

"तू मासा घेऊन ये. मोठा आण."

"अन् तू काय करशीन?"

"मी इतिहास सांगीन."

तो फोन आपटून बसला. मी त्याला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यानं जाऊन त्या पोराला तांदळाचं सांगितलं असतं. माझा भाऊ तसला आहे, भोळा सांब. आमच्या घरात डूख धरायचं काम माझ्याकडेच आहे.

कार्यक्रम लॉनवर होता, ऊन कलल्यावर. पाहुणे टोप्या घालून खुर्च्यांवर, हातात कोकम सरबत. गावातली मंडळी मागे उभी. मी बोलले. सीझर सांगितला, खान सांगितला, खंडणी सांगितली. पोलंडच्या नकाराशी आले तेव्हा मागच्या बाजूनं आमची म्हातारी ढिवर मंडळी खुसखुसली, त्यांना भाषण कळलं होतं. पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. नातवानं सगळ्यात जोरात वाजवल्या. मला वाटलं, निदान थोडा तरी चपापेल. नाही. त्याला फक्त 'झार' आणि 'मुकुट' एवढंच ऐकू आलं होतं.

मग भाऊ आला. डोक्यावर टोपली, अनवाणी. वडिलांसारखाच मान ताठ ठेवून चालत होता. टोपलीत कतला मासा होता, शेपूट बाहेर लोंबत होतं. नातवानं वाकून टोपली हातात घेतली. पाहुणे फोटो काढायला पुढे सरसावले. त्यानं भावाला शाल पांघरली, श्रीफळ दिलं, स्मृतिचिन्ह दिलं, त्याच्या पायाला हातसुद्धा लावला. सत्कारात जे जे करतात ते सगळं केलं त्यानं. आपल्या महाराष्ट्रात शाल-श्रीफळ दिलं की माणसाला वाटतं, आता काही बाकी राहिलं नाही.

टोपली रिसॉर्टच्या स्वयंपाक्यानं आत नेली. थोड्या वेळानं वेटर ती घेऊन बाहेर आला. स्वच्छ धुतलेली. साबणाचा वास येत होता. पळसाची पानंही टाकून दिली होती.

मागची मंडळी टाचा उंचावून टोपलीत बघू लागली. भावानं टोपलीत बघितलं, मग नातवाकडे बघितलं.

"राजे," तो हळू म्हणाला, "यात काही टाकाचं हाय का जी?"

तो भाऊच, संधी देत होता. नातू गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी स्टेजवर होते, हाताच्या अंतरावर. एक शब्द पुरला असता. 'तांदूळ' म्हटलं असतं तर तो धावत जाऊन पोतं घेऊन आला असता, मनापासून. मी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश पाणी प्यायले.

"नाही नाही, काही नाही!" नातू हसला. "घेऊन जा, टोपली तुमचीच आहे. जुनी झाली असेल तर नवीन देतो."

त्यानं खरंच वेटरला खूण केली आणि वेटर प्लॅस्टिकचा निळा टब घेऊन आला.

टब कोणी घेतला नाही. आमच्या जाळ्यातला सगळ्यात वयस्कर माणूस पुढे आला. त्यानं भावाच्या हातातून टोपली घेतली, सगळ्यांना दिसेल अशी पालथी केली आणि तशीच डोक्यावर ठेवली. मग एकेक करून सगळे फाटकाबाहेर गेले. पाहुण्यांना तो रीतीचाच भाग वाटला, त्यांनी त्याचेही फोटो काढले. नातू हात जोडून फाटकापर्यंत सोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ चहा देताना म्हणाला, "तुले मालूम होतं ना, त्याले मालूम नाई म्हून?"

"होतं."

"लय खुनशी हायेस बाई तू."

"तू त्या काट्यांचा भात खाल्ला नाहीस," मी म्हणाले. तो तेव्हा पाळण्यात होता.

वर्षभर नातवाला काही कळलं नाही. फाटकावरची अक्षरं त्यानं आणखी मोठी करून घेतली, रात्री त्यावर दिवे लागत. पुढच्या उन्हाळ्यात जाळं ओढायचं ठरलं तेव्हा मी गावातच होते, मुद्दाम. मला बघायचंच होतं.

पहिला मासा निघाला तो मोठा रोहू. तो टोपलीत गेला नाही. तलावाच्या बांधावर, पाळीवर तिथेच आंब्याच्या सावलीत चूल मांडली होती, बायका मसाला वाटत होत्या, मोठ्या गंजात रस्सा चढायचा होता. मान कोणाला द्यायचा याची चर्चा आधी झाली होती. दोघातिघांनी भावाचं नाव काढलं होतं, म्होरक्याच्या घरी जाऊ दे म्हणून. भावानं हात झटकले. "आपल्यातच पुन्हा राजा कराचा हाय काय? एवढ्यासाठी केलं काय हे?" म्हणाला. मी मॉस्कोचं सांगणार होते, खंडणी घेणाऱ्याची पदवी उचलून स्वतःच खंडणी घेऊ लागलेल्या नव्या राजाचं. त्याची गरजच पडली नाही.

रिसॉर्टमधून जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, पाहुणे वाट बघून राह्यले, मासा कधी येतो? कोणीतरी त्याला सांगितलं, "मागच्या साली टोपली रिकामी आलती. त्या घरानं मान ठेवला खाली." जीप गेली आणि थोड्याच वेळात नातू स्वतः आला. घामाघूम. तोवर त्याला कोणीतरी सगळं समजावलं होतं. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं होतं.

"मला माहीत नव्हतं," तो सगळ्यांना म्हणत होता. "पोतंभर देतो. दर वर्षी देतो. मला कोणी सांगितलंच नाही."

वयस्कर माणूस म्हणाला, "आता नाई होत जी. ठेवलेला मान उचलता येत नाई."

तो माझ्याकडे आला. मी सावलीत खुर्ची टाकून बसले होते. बाकीचे ऐकू नयेत म्हणून तो वाकला.

"मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

त्याचा चेहरा पडला. मग मी त्याला ओसरी सांगितली, पान सांगितलं, काटे सांगितले. त्याच्या आजोबांच्या आवाजात 'तुया मास्तरणीले दे' हेही सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, "आजोबांच्या वतीनं माफी मागतो."

हे वाक्य मी आयुष्यभर मनात कितीदा घोळवलं होतं, आणि त्यावर काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. सगळं विसरले. "राहू द्या," एवढंच म्हणाले, आणि ते क्षमेचं 'राहू द्या' नव्हतं. तो माझी क्षमा घेऊन घरी जावा एवढं काही माझं मन मोठं नाही.

तो जायला वळला, पुन्हा थांबला. खरोखर कुतूहलानं विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "आता मला गावात काय म्हणतील?"

"तुमचं नाव आहे ना काहीतरी," मी म्हणाले.

तेवढ्यात चुलीपाशी पंगत बसायला लागली. पळसाच्या पत्रावळी मांडल्या जात होत्या. भावानं मान वळवून जीपकडे पाहिलं आणि त्या मुलाला हाक मारली. नुसत्या नावानं. मागे राजे नाही, पुढे जी नाही, साहेब नाही. "ये ना रे, उन्हात काऊन उभा हायेस? बस जेवाले."

मला ते मुळीच आवडलं नाही. मला तो उपाशी परत जायला हवा होता, पोतं घेऊन, धुरळा उडवत. पण तो आला. चपला कुठे काढाव्यात ते त्याला कळेना, मग त्यानं त्या हातातच धरल्या आणि पंगतीच्या शेवटी, आमच्या एका जाळं ओढणाऱ्याच्या शेजारी, मांडी घालून बसला. माशाचं डोकं वयस्कर माणसाच्या पानात गेलं. भाऊ वाढत वाढत पंगतीच्या टोकाला आला, आणि त्या मुलाच्या पानात त्यानं शेपटाकडचा तुकडा वाढला.